संगणक निद्रिस्त का होत नाही?

दुपारच्या सुट्टीत शाळेतील संगणक आपोआप निद्रिस्त व्हावा आणि सुट्टी संपल्यावर कळफलकास बोट लागताच पुन्हा कामास सिद्ध व्हावा, अशी व्यवस्था प्रत्येक संगणकात मूळचीच केलेली असते. पडदा मालवतो, पंखा थांबतो, विजेचा खप नाममात्र उरतो. मात्र उघडे असलेले काम तसेच्या तसे स्मृतीत जपलेले राहते. ही व्यवस्था बिघडली तरी तिचा गाजावाजा होत नाही. धडे दिसतात, माहिती भरता येते, छपाई होते. म्हणून शिक्षकांचे तिकडे सहसा लक्ष जात नाही. दोष उघडकीस येतो तो निराळ्याच ठिकाणी, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत.

भोकरदन, मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील एखाद्या लहान शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. लोकवर्गणीतून मिळालेले पाच संगणक, एक इन्व्हर्टर आणि १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी एवढी तिची सामग्री आहे असे समजू. बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास वीज साठते. पडद्यासह एक संगणक सुमारे ६० वॉट घेतो असे धरले, तर पाच संगणकांस ३०० वॉट लागतात. हिशेबाने सहा तास मिळावयास हवेत; परंतु रूपांतरात होणारी घट, बॅटरीचे वय आणि ती पूर्ण रिकामी न करण्याची मर्यादा लक्षात घेता साडेतीन तास मिळाले तरी पुष्कळ झाले. आता सुट्टीत व तासांच्या मधल्या वेळात मिळून हे पाचही संगणक दिवसाकाठी दोन तास रिकामे असतात असे मानावे. ते खरोखर निद्रिस्त झाले, तर प्रत्येकी दोन-तीन वॉटांपेक्षा अधिक वीज घेत नाहीत. केवळ पडदा काळा होऊन आतील यंत्र जागेच राहिले, तर प्रत्येकी ४० वॉट, म्हणजे दोन तासांत ४०० वॉट-तास व्यर्थ जातात. तेवढ्या विजेत पाचही संगणक ८० मिनिटे चालले असते. प्रत्येक मुलास दहा मिनिटांची पाळी धरली, तर या ८० मिनिटांत चाळीस मुलांच्या पाळ्या होतात. वीज गेलेल्या दिवशी ज्यांच्या पाळ्या बुडतात ती मुले बहुधा हजेरीपटावरील शेवटच्या नावांची असतात, आणि पुढच्या आठवड्यातही बहुधा तीच असतात.

म्हणून प्रथमतः एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. पडदा काळा झाला म्हणजे संगणक झोपला, असे नव्हे. पडदा मालवणे आणि यंत्र निद्रिस्त होणे या दोन वेगळ्या क्रिया असून त्यांच्या वेळाही सेटिंग्जमध्ये वेगवेगळ्या नेमलेल्या असतात. पेटीजवळ कान नेऊन पंख्याचा आवाज येतो का ते ऐकावे आणि चालू स्थिती दर्शविणारा दिवा स्थिर आहे की मंदपणे लुकलुकतो आहे ते पाहावे. पुष्कळशा यंत्रांत निद्रावस्थेत हा दिवा लुकलुकतो किंवा त्याचा रंग पालटतो.

संगणकाच्या या अवस्थांना सर्वमान्य रूप आले ते डिसेंबर १९९६ मध्ये. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून त्या वेळी 'एसीपीआय' नावाचे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात यंत्राच्या अवस्थांना एस-शून्य ते एस-पाच अशी नावे दिलेली आहेत. एस-शून्य ही पूर्ण जागृती. एस-तीन ही निद्रा, जिच्यात केवळ स्मृतीस वीज मिळत राहते. एस-चार ही दीर्घनिद्रा, म्हणजे हायबरनेट, जिच्यात स्मृतीतील सर्व मजकूर डिस्कवर उतरवून वीज पूर्ण बंद केली जाते. आणि एस-पाच म्हणजे बंद. या प्रमाणापूर्वी वीजबचतीचा पुष्कळसा कारभार यंत्राच्या मूळ आज्ञावलीकडे असे. त्यानंतर तो विंडोज अथवा लिनक्ससारख्या कार्यप्रणालीच्या हाती आला. निद्रा द्यावयाची की नाही, हे कार्यप्रणाली ठरवू लागली; परंतु त्यासाठी तिला यंत्राच्या प्रत्येक अवयवाची संमती घ्यावी लागते. अडचणीचा उगम येथेच आहे.

ध्वनियंत्र, पडद्याचे यंत्र, जाळ्याचे कार्ड, छपाईयंत्र, अंगठ्याचा ठसा घेणारे उपकरण यांपैकी प्रत्येकाची भाषा निराळी असते. कार्यप्रणालीस ती सर्व येत नाही. म्हणून प्रत्येक उपकरणासोबत एक दुभाषी येतो. त्या दुभाष्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. शाळा सुटल्यावर शिपाई कुलूप लावण्यापूर्वी प्रत्येक वर्गाच्या दाराशी उभा राहून 'कोणी आहे का?' असे विचारतो, तशीच कार्यप्रणाली निद्रेपूर्वी चौकशी करते. आत काम चालू असेल तर ड्रायव्हर 'आहे' अशी नोंद करतो आणि काम संपल्यावर ती नोंद मागे घेतो. जितक्या वेळा नोंद केली तितक्याच वेळा ती मागे घ्यावी, असा नियम आहे. चांगला ड्रायव्हर हा नियम पाळतो. सदोष ड्रायव्हर तीन वेळा 'आहे' म्हणतो आणि दोनच वेळा 'नाही' म्हणतो. वर्ग रिकामा, दारे उघडी, आणि शिपाई मात्र रात्रभर किल्ल्या घेऊन व्हरांड्यात उभा, अशी मग स्थिती होते. विंडोज येथे अंधळेपणा करीत नाही, हे ध्यानात ठेवावे. धड्याची चित्रफीत चालू असताना, किंवा फाइल उतरत असताना संगणक झोपू नये, यासाठीच ही नोंदीची पद्धत आहे.

दोष शोधण्यास आरंभ करताना एक साधी परीक्षा घ्यावी. सर्व काम जतन करून स्टार्टच्या यादीतून 'स्लीप' ही आज्ञा स्वतः द्यावी. तीन प्रकारचे अनुभव येऊ शकतात. आज्ञा देताच संगणक झोपतो आणि झोपलेलाच राहतो, मात्र आपणहून कधी झोपत नाही, हा पहिला. झोपतो, पण क्षणात किंवा काही मिनिटांत जागा होतो, हा दुसरा. यादीत 'स्लीप' हा शब्दच सापडत नाही, हा तिसरा. या तिन्हींची कारणे भिन्न असल्याने उपायही भिन्न आहेत. पुष्कळ शिक्षक ही परीक्षा न घेताच 'विंडोज नव्याने टाकून द्या' असा निरोप दुकानदाराकडे पाठवतात. त्यात शाळेचे पैसे जातात, कधी मुलांचे साठविलेले कामही जाते, आणि पुष्कळदा दोष जसाच्या तसा परत येतो.

पहिल्या प्रकारात उघडच कोणीतरी 'आहे' अशी नोंद करून बसलेला असतो. त्याचे नाव विचारण्याची सोय विंडोजमध्ये आहे. स्टार्टमध्ये सी, एम, डी ही तीन अक्षरे टंकावीत. जे 'कमांड प्रॉम्प्ट' दिसेल त्यावर माउसची उजवी कळ दाबून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडावे. तसे न केल्यास अधिकार नसल्याचा संदेश येऊन काम तेथेच अडते. काळ्या चौकटीत पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी ही आठ अक्षरे सलग लिहावीत. एक जागा सोडून तिरकी रेघ द्यावी आणि तिला लागून आर, ई, क्यू, यू, ई, एस, टी, एस लिहून एंटर दाबावे. या आज्ञेस येथून पुढे 'रिक्वेस्ट्स' म्हणू. पुढे आलेल्या इतर आज्ञांतही तीच आठ अक्षरे व तीच तिरकी रेघ असते. केवळ शेवटचा शब्द बदलतो.

उत्तरादाखल 'डिस्प्ले', 'सिस्टम', 'अवेमोड' इत्यादी शीर्षके येतात. ज्याखाली 'नन' असेल तेथे कोणाचीही हरकत नाही. 'सिस्टम' या शीर्षकाखाली चौकटी कंसात 'प्रोसेस', 'सर्व्हिस' किंवा 'ड्रायव्हर' यांपैकी एखादा शब्द व त्यापुढे नाव असेल, तर तोच जागरण करविणारा होय. 'प्रोसेस' असल्यास तो एखादा चालू कार्यक्रम असतो. तो बंद केला की काम भागते. 'ड्रायव्हर' असल्यास थोडे अधिक पाहावे लागते.

सर्वांत अधिक आढळणारे नाव ध्वनियंत्राचे असते, आणि त्याखाली ध्वनीचा प्रवाह सध्या वापरात आहे अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य असते. हे वाचून ध्वनियंत्राचा ड्रायव्हर बिघडला असे तत्काळ ठरवू नये. ब्राउझरच्या एखाद्या मागे पडलेल्या टॅबमध्ये कवितेची चित्रफीत अर्धवट थांबलेली असते, किंवा एखादा कार्यक्रम मायक्रोफोन उघडून बसलेला असतो. दुभाषी खरेच बोलत असतो. बोलविता धनी दुसराच असतो. म्हणून सर्व कार्यक्रम व टॅब बंद करावेत, यूएसबीने जोडलेले स्पीकर, मायक्रोफोन व कॅमेरा एकेक करून काढावेत आणि प्रत्येक वेळी 'रिक्वेस्ट्स' ही आज्ञा पुन्हा द्यावी. ज्या वस्तूस काढताच नाव नाहीसे होते, ती वस्तू कारणीभूत. हे काम पंधरा मिनिटांचे आहे, पण ते क्रमाने केले पाहिजे. दोन वस्तू एकदम काढल्या तर निष्कर्ष निघत नाही. वरच्या वर्गातील मुलांस सोबत घेऊन हे करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा शास्त्रातील पाठ त्यांस पुस्तकापेक्षा येथे लवकर उमगतो.

कधी 'लेगसी कर्नल कॉलर' असे गूढ नाव दिसते. याचा अर्थ जुन्या पद्धतीने लिहिलेल्या एखाद्या ड्रायव्हरने आपले नाव न सांगताच हरकत नोंदविली आहे. येथेही उपकरणे एकेक काढून पाहण्यावाचून दुसरा सोपा मार्ग नाही. 'एसआरव्हीनेट' हे नाव आल्यास मात्र घाबरू नये. दुसऱ्या संगणकाने या संगणकावरील सामाईक फोल्डर उघडलेले आहे, एवढाच त्याचा अर्थ. ज्या यंत्रावर सर्व धड्यांच्या चित्रफिती ठेवलेल्या असतात व इतर यंत्रे त्या तेथून घेतात, त्याने जागे राहणे हा दोष नसून त्याचे कर्तव्यच आहे.

सर्व काही बंद करूनही ड्रायव्हरचे नाव तसेच राहिले, तर दोष खुद्द ड्रायव्हरचा आहे असे मानण्यास हरकत नाही. पहिला उपाय 'रिस्टार्ट' हा होय, आणि येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. 'आम्ही रोज संध्याकाळी शट डाउन करतो, तरी दोष जात नाही' अशी तक्रार नेहमी ऐकू येते. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर कार्यप्रणालीचा गाभा व ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उभी केली जाते. अर्थात काल अडकलेला ड्रायव्हर आज अडकलेल्या स्थितीतच उठू शकतो. 'रिस्टार्ट' केल्यास मात्र सर्व काही मुळापासून नव्याने सुरू होते. म्हणून परीक्षणाच्या वेळी 'रिस्टार्ट' हीच आज्ञा वापरावी.

तेवढ्याने न भागल्यास 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून त्या उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'ड्रायव्हर' हे पान पाहावे. तेथे ड्रायव्हरची तारीख व आवृत्ती दिलेली असते. ती प्रथम वहीत उतरवून घ्यावी. दोष नुकत्याच आलेल्या नव्या आवृत्तीनंतर सुरू झाला असेल, तर 'रोल बॅक ड्रायव्हर' या कळीने पूर्वीची आवृत्ती परत आणता येते. दोष जुनाच असेल, तर संगणक ज्या कंपनीचा आहे तिच्या अधिकृत संकेतस्थळावर आपल्या यंत्राचा नेमका नमुना क्रमांक देऊन नवा ड्रायव्हर मिळवावा. 'तुमचे सर्व ड्रायव्हर फुकट सुधारून देतो' असे सांगणाऱ्या अनोळखी कार्यक्रमांस शाळेच्या संगणकात मुळीच थारा देऊ नये. ज्या यंत्रावरून मुख्याध्यापक यू-डायसची माहिती भरतात, त्यावर तर नाहीच नाही. विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेले आहे, आणि शाळांतील कित्येक यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रांसाठी उत्पादक आता नवा ड्रायव्हर काढतील, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. उपलब्ध आवृत्त्यांतील जी उत्तम चालते तीच कायम करावी.

शेवटचा उपाय म्हणून विंडोजला 'या ड्रायव्हरच्या हरकतीकडे दुर्लक्ष कर' असे सांगता येते. त्या आज्ञेत आठ अक्षरे व तिरकी रेघ यांनंतर 'रिक्वेस्ट्सओव्हरराइड' हा शब्द सलग, मग 'ड्रायव्हर' हा शब्द, मग अवतरणचिन्हांत ड्रायव्हरचे नाव 'रिक्वेस्ट्स'ने दाखविले तसे अक्षरशः, आणि शेवटी 'सिस्टम' हा शब्द असतो. नाव एका अक्षरानेही चुकले तर आज्ञा निरुपयोगी होते. ती मागे घ्यावयाची झाल्यास शेवटचा 'सिस्टम' हा शब्द गाळून तीच आज्ञा पुन्हा द्यावी. हा उपाय दर वेळी लागू पडतोच असे नाही, आणि लागू पडला तरी त्याची किंमत असते. ध्वनियंत्राची हरकत कायमची डावलली, तर दीर्घ गोष्ट ऐकत बसलेल्या वर्गासमोरच संगणक मधेच झोपी जाण्याचा संभव राहतो.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे झोपून लगेच जागा होणाऱ्या संगणकात, हरकत नोंदविणाऱ्याचा नव्हे तर जागे करणाऱ्याचा शोध घ्यावयाचा असतो. 'लास्टवेक' हा शब्द जोडून आज्ञा दिली, की शेवटी कोणी उठविले ते पुष्कळदा कळते. 'डिव्हाइसक्वेरी' हा शब्द, एक जागा, आणि 'वेक' व 'आर्म्ड' हे दोन शब्द खालच्या रेघेने जोडून लिहिले, तर उठविण्याचा अधिकार असलेल्या सर्व उपकरणांची यादी मिळते. या यादीत बहुधा माउस व जाळ्याचे कार्ड असते. डगमगत्या बाकावर ठेवलेला माउस पंख्याच्या कंपनानेही संगणकास जागे करू शकतो. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या उपकरणाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' या पानावर संगणकास जागे करण्याच्या परवानगीची खूण असते, ती काढून टाकावी. कळफलकाची परवानगी तेवढी राहू द्यावी. नाही तर उठविण्यासाठी दर वेळी पेटीवरील कळ दाबावी लागते, आणि लहान मुले ती दीर्घकाळ दाबून धरून यंत्रच बंद करतात.

तिसरा प्रकार ग्रामीण शाळांत विशेष आढळण्यासारखा आहे. दुरुस्तीस गेलेला संगणक विंडोज नव्याने टाकून परत येतो. अक्षरे नेहमीपेक्षा मोठी व धूसर दिसतात, आणि 'स्लीप' नाहीसे झालेले असते. अशा वेळी आज्ञेत तिरक्या रेघेपुढे केवळ 'ए' हे अक्षर द्यावे. यंत्रास कोणत्या अवस्था शक्य आहेत व कोणत्या नाहीत याची यादी कारणांसह येते. निद्रेपुढे 'ग्राफिक्स' हे कारण दिसले, तर पडद्याच्या यंत्राचा खरा ड्रायव्हर टाकावयाचा राहून गेला आहे आणि विंडोज आपल्या कामचलाऊ ड्रायव्हरवर चित्र दाखवीत आहे, असे समजावे. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' हे नाव दिसल्यास शंका उरत नाही. या कामचलाऊ ड्रायव्हरला निद्रेहून परतल्यावर पडदा पुन्हा उभा करता येत नाही, म्हणून विंडोज निद्रेचे नावच काढून टाकते. योग्य ड्रायव्हर टाकताच अक्षरे स्वच्छ होतात आणि 'स्लीप'ही परत येते. संगणक दुरुस्तीहून ताब्यात घेताना, पैसे देण्यापूर्वीच ही एक गोष्ट पाहून घ्यावी.

नव्या लॅपटॉपांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांपैकी पुष्कळांत जुनी एस-तीन निद्रा ठेवलेलीच नसते. त्याऐवजी मोबाइलप्रमाणे अर्धवट जागी राहणारी 'मॉडर्न स्टँडबाय' ही अवस्था असते. झाकण मिटून कपाटात ठेवलेला लॅपटॉप सकाळी गरम व बॅटरी रिकामी अशा स्थितीत सापडतो, तो यामुळे. 'स्लीपस्टडी' या शब्दाने दिलेली आज्ञा निद्रेच्या काळात कोणी किती वीज खाल्ली याचा अहवाल तयार करते. मात्र जालन्याच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात ठेवावयाच्या लॅपटॉपसाठी अहवाल वाचत बसण्यापेक्षा झाकण मिटताच 'हायबरनेट' व्हावे अशी योजना करणे बरे. त्यात बॅटरी जवळजवळ खर्च होत नाही. उठण्यास थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच.

ज्या शाळांत लिनक्स आहे तेथे सदोष ड्रायव्हर अधिक उघडपणे सापडतो. निद्रेची आज्ञा मिळताच लिनक्स प्रत्येक ड्रायव्हरला क्रमाने थांबण्यास सांगते, आणि एकाने नकार दिला तरी सर्व प्रक्रिया परत फिरविते. नकार देणाऱ्याचे नाव गाभ्याच्या नोंदवहीत लिहिले जाते. ती 'डीमेसेज' म्हणजे डी, एम, ई, एस, जी या आज्ञेने वाचता येते. 'फेल्ड टू सस्पेंड' हे शब्द ज्या ओळीत आढळतील त्या ओळीतील उपकरण पाहावे.

दोष दूर झाला की नाही याची खात्री करण्यासाठी अर्धा तास वाट पाहण्याचे कारण नाही. सेटिंग्जमधील सिस्टम व त्यातील पॉवर या पानावर निद्रेची वेळ तात्पुरती एक मिनिट करावी, माउस व कळफलक यांना हात न लावता दूर उभे राहावे आणि पंखा थांबतो का ते ऐकावे. पाच मिनिटे तसाच झोपून राहिला व कळ दाबताच उठला, तर वेळ पुन्हा दहा मिनिटे करावी. मग जडसंग्रह नोंदवहीत त्या संगणकाच्या क्रमांकासमोर दोषाचे नाव, ड्रायव्हरची जुनी व नवी आवृत्ती आणि दिनांक लिहावा. शिक्षकाची बदली झाल्यावर त्या जागी येणाऱ्यास या यंत्राचा पूर्वेतिहास सांगणारे शाळेत दुसरे काहीच नसते.